वास आला की उतरव

कॉलेजातली पोरं मला पाठीमागे 'ॲसिड' म्हणतात. म्हणोत बापडी. एकोणतीस वर्षं फार्मसी कॉलेजच्या प्रयोगशाळेत काढली आणि एकदाही कोणाच्या खाडाखोड केलेल्या आकड्यावर सही केली नाही, त्याचं हे बक्षीस. आकडा आला तो आला. आवडला नसेल तर प्रयोग पुन्हा कर, पण खोडरबर घेऊन माझ्यासमोर उभा राहू नकोस. इंदिरानगरात आमच्या सोसायटीतही मला कोणी विचारत नाही की कुसुमताई, ही साडी मला कशी दिसते. त्यांना माहीत आहे, मी सांगेन.

अशा मला, रिटायर व्हायला नऊ दिवस उरलेले असताना, भर लॅबमध्ये लबाडी करायचा मोह झाला. आणि तोही घोटीकडच्या एका शेतकरी बाईसाठी. तिचं नाव आक्काबाई.

आक्काबाई आणि तिचे यजमान कारभारीदादा घोटीच्या पलीकडच्या एका खेड्यातले. दीड एकर भात, एक विहीर, आणि भात निघाला की त्या विहिरीच्या पाण्यावर कापूर तुळस. बांधाला अडुळसा, कुंपणाला शतावरी. हे सगळं वाळवून ती दोघं नाशकात आणून द्यायची, कारण आमच्या पोरांना प्रॅक्टिकलला असा माल लागतो. वीस वर्षांपूर्वी पहिल्यांदा आली तेव्हा दादांच्या दोन्ही खांद्यांवर पिशव्या आणि आक्का मागून मोकळी. आत येऊन "जय भीम, ताई" म्हणाली आणि सरळ माझ्या स्टुलावर बसली. माझ्या स्टुलावर! तिथे प्राचार्यसुद्धा बसत नाहीत. मी तोंड उघडणार तेवढ्यात दादांनी पिशवीची गाठ सोडली आणि अख्खी लॅब कापराच्या वासानं भरली. इतका स्वच्छ, इतका तिखट वास मला कुठल्याच वाळलेल्या पाल्याचा आला नव्हता. मी तोंड मिटलं. तेव्हापासून आक्का आली की ती स्टुलावर बसते आणि मी उभी राहते.

लोकांना वाटतं, वाळवायचं म्हणजे काय, टाकलं उन्हात की झालं. अहो, पापड आहेत का ते? तुळशीसारख्या पाल्यातलं औषध म्हणजे त्यातलं तेल, आणि उन्हाचा चटका लागला की त्या तेलाला पाय फुटतात. बरं, सावलीत नुसतं पडू दिलं तर आतून दमट राहतं नि बुरशी धरते. या दोन्हींच्या मधला जो एक दिवस असतो, तो गाठता आला पाहिजे. आमच्याकडे त्यासाठी यंत्रं आहेत, तक्ते आहेत. त्या दोघांकडे आक्काचं नाक होतं.

हे मी डोळ्यांनी बघितलंय. एकदा मी त्यांच्या घरी गेले होते. कौलारू घर, आत भाताच्या कणग्या, वर लाकडी माळा. माळ्याच्या वाशांना तुळशीच्या जुड्या उलट्या टांगलेल्या, दोन जुड्यांमध्ये वीतभर जागा सोडलेली. संध्याकाळी दिवेलागणीला दादा शिडीवरून माळ्यावर गेले, एका जुडीचं पान तोडून तळहातावर चोळत खाली आले, आणि भाकऱ्या थापत बसलेल्या आक्काच्या नाकाशी तो तळहात धरला.

"सांग," म्हणाले.

आक्कानं डोळे मिटले. हात पिठाचे, मान तेवढी पुढे. "अजून कच्चा येतोय," म्हणाली. "गवताचा. अजून एक दिस."

दादा गेले हात धुवायला. बस, एवढंच. मी विचारलं, दादा, तुम्ही स्वतः का नाही हुंगत? तर म्हणाले, "मला काय कळतंय ताई, मला समदं सारखंच. नाक हिचं, हात माझा." आक्का लाजली, आणि लाजल्याचं कळू नये म्हणून माझ्यावरच डाफरली की ताई, भाकरी गार होतीय, बसा आधी. तिनं सांगितलं, पान वाळत असताना आधी त्याचा हिरवा कच्चा वास मरतो, मग एक दिवस कसलाच वास येत नाही, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी खरा वास वर येतो. तो आला की ती म्हणायची, "उतरवा." की दादा जुड्या उतरवायचे. लग्नाला चाळीस वर्षं झालेली. चाळीस वर्षं दर हंगामाला रोज संध्याकाळी तो तळहात तिच्या नाकाशी यायचा.

नंतर एकदा आमच्या कॉलेजात नवा ड्रायर आला. मोठं कपाट, आत जाळीचे ट्रे, बाहेर लाल आकडे. आमच्या विभागप्रमुख सरांच्या डोक्यात आलं की एकाच वाफ्यातली तुळस तीन प्रकारे वाळवून बघू. एक भाग दादांच्या माळ्यावर, एक कॉलेजच्या गच्चीवर उन्हात, एक ड्रायरमध्ये चांगला कडक तापवून. मग तिन्हींचं तेल काढलं. आमच्याकडे त्यासाठी काचेची जोडणी असते: खाली पाणी आणि पाला उकळतो, वाफ वर जाते, गार होऊन एका बारीक नळीत उतरते, आणि पाण्यावर तेल तरंगतं. नळीवर रेघा आखलेल्या असतात. रेघा मोजायच्या, झालं. तिथे वशिला चालत नाही.

त्या दिवशी दादा आणि आक्का मुद्दाम बघायला आली होती. ड्रायरमधला पाला दिसायला सगळ्यांत हिरवागार, आणि तेल सगळ्यांत कमी. उन्हातला पिवळा पडलेला, तेल निम्म्याच्या आसपास. माळ्यावरचा दिसायला मळकट, पण नळीत तेलाचा जाडजूड थर. दादांनी मिशीतल्या मिशीत हसून सरांकडे बघितलं. सर मोठे वस्ताद, त्यांनी शतावरीच्या मुळ्यांचा प्रयोग काढला. तिथे दादांच्या सावलीत सुकलेल्या मुळ्या आतून काळ्या निघाल्या, बुरशीच्या, आणि ड्रायरमधल्या खणखणीत. दादांनी लगेच मान्य केलं. "मुळी तुमच्या कपाटात, पाला माझ्या माळ्यावर," म्हणाले. मला हा माणूस त्या वाक्याला आवडला. हरल्यावर कुरकुर नाही.

आक्का मात्र उन्हातल्या पाल्याच्या नळीकडे बघत राहिली होती. "एवढं जातं उन्हानं?" तिनं मला दोनदा विचारलं. मी म्हटलं, "एवढं जातं." हे लक्षात ठेवा, कारण तिनंही ठेवलं.

दोन हजार एकवीसच्या एप्रिलमध्ये कारभारीदादा गेले. करोनात. मला महिन्यानं कळलं. मी फोन केला, तिच्या मुलानं, धम्मपालनं उचलला. तो घोटीजवळच गोंद्याला एका कंपनीत कामाला आहे. आई बोलत नाही म्हणाला.

पुढच्या वर्षी आक्का पुन्हा यायला लागली. एकटी, एसटीनं, एक पिशवी घेऊन. अडुळसा आणायची, शतावरी आणायची, गुळवेलीच्या कांड्या आणायची. कापूर तुळस नाही. मी विचारलं तर म्हणाली, लावली नाय. दुसऱ्या वर्षी विचारलं तर म्हणाली, विहिरीला पाणी नाय. तिसऱ्या वर्षी मी विचारलं नाही. मला वाटलं, नवऱ्याची आठवण येत असेल. अर्धवट माहितीवर निष्कर्ष काढायचा नाही, हे मी पोरांना शिकवते. स्वतः तेच केलं.

यंदा मे महिन्यात ती आली तेव्हा पिशवीत माल नव्हता. एक स्टीलचा डबा होता, झाकणाभोवती सुतळी करकचून आवळलेली. स्टुलावर बसली, डबा मांडीत धरला.

"ताई, तुम्ही चालल्या म्हणं."

"एकतीस तारखेला."

"मंग माझं एक काम करा. तुमच्या काचेला विचारा, ह्यात वास हाय का."

मी म्हटलं, त्यात काच कशाला, उघडा की, मी सांगते. तर तिनं डबा छातीशी ओढला. लहान पोर खेळणं ओढतं तसा.

"नगं. माणसाला विचारायचं नाय मला. माणूस खोटं बोलतं. मीच बोलले."

आणि मग तिनं सांगितलं. चार वर्षांत कोणाला सांगितलं नव्हतं, पोटच्या पोरालासुद्धा नाही.

दोघांना एकाच दिवशी ताप आला होता. दादांना दम लागायला लागला म्हणून धम्मपालनं त्यांना नाशकात दवाखान्यात आणलं. आक्काला घरीच राहायला सांगितलं, वेगळं. माळ्यावर तुळस टांगलेली होती, तिला चार दिवस झाले होते.

"सकाळी चूल पेटवली," आक्का म्हणाली, "तर धुराचा वास नाय. म्हटलं असंल. चहा केला, त्याला वास नाय. मंग मला भ्या वाटलं. तशी शिडी चढले, जुडीत नाक खुपसलं. काय बी नाय ताई. भिंत हुंगावी तसं. दुपारी त्यांचा फोन आला. एकेक शबुद सुटा सुटा. मला वाटलं इचारतील, ताप हाय का, जेवली का. तर म्हणाले, माळ्यावरचं बघितलं का? म्हटलं बघितलं. म्हणाले, वास आला की उतरव."

ती थांबली. मी पाणी दिलं, तिनं घेतलं नाही.

"काय सांगू मी त्यांना? नाक गेलं म्हणून सांगू? तोंडाला नळ्या लावून पडलेला माणूस. म्हटलं, आला वास. उतरवली. तर इचारतात, कसा हाय? म्हटलं, दरसालसारखा. मंग झालं, म्हणाले. अन् फोन ठिवला."

"मग?"

"मंग काय. जुड्या तर टांगलेल्याच होत्या. खोटं बोलले ते खरं करायला गेले. अंगात ताप, शिडीवर पाय लटलट कापत होते, पर समद्या जुड्या खाली ओढल्या. खाली बघते तर देठ ओले. आजून तीन दिस लागले असते सावलीत. परत टांगायचं बळ नव्हतं, अन् उतरवली म्हणून सांगून बसलेले. खाली ठिवली तर सडंल. म्हणून गोठ्याच्या पत्र्यावर टाकली. उन्हात, ताई. चैताच्या उन्हात, तापलेल्या पत्र्यावर. मी. तुमच्या नळीत डोळ्यानं बघितलेलं असताना. सांजपर्यंत कुरकुरीत झाली, डब्यात भरली. चार दिसांनी ते गेले."

मी जाऊन लॅबचं दार लोटून घेतलं.

"त्यांच्या हातची शेवटची तुळस हाय ही. त्यांनी कापलेली, त्यांनी टांगलेली. फोटो हाय, शर्ट हाय, चप्पल हाय, पर मला त्यांचा वास पायजे. त्यांच्या हाताला बारा महिने हाच वास असायचा. म्हटलं नाक परत आलं की डबा उघडू. डॉक्टर म्हणला सहा महिने, मंग म्हणला वरीस. आता म्हणतो, मावशी, चार वर्सं झाली, आशा धरू नका. सुनंला इचारलं असतं तर ती म्हणली असती, येतो ना आई, छान येतो. चैताली लय गुणाची हाय. मला बरं वाटावं म्हणून म्हणली असती. मी बी त्यांना बरं वाटावं म्हणूनच म्हणले ना? म्हणून काचंकडं आले. काच कुणाला बरं वाटावं म्हणून बोलत नाय."

मला एवढंच कळलं की हिला निकाल हवाय. मी मनाशी म्हटलं, कुसुम, रडारड नंतर, आधी काम.

आधी तिला अडचण सांगितली. तेल मोजायचं तर पाला उकळावा लागतो, आणि उकळलेला पाला गेला. डब्यात दोनशे ग्रॅमच्या आसपास होता, त्यातला निम्मा तरी लागणार. आणि एकदा झाकण निघालं की उरलेल्यातलाही वास रोज थोडा थोडा उडत जाणार. "उद्या समजा नाक परत आलं, तर?" मी विचारलं.

तिनं डब्याच्या सुतळीवरून बोट फिरवलं. बराच वेळ फिरवलं. मग म्हणाली, "चार वर्सं त्याच आशेवर बंद ठिवला. आत काय हाय ते मला ठावं नाय, अन् मी जपत बसले. जाऊ दे निम्मा. मला कळू दे."

दुसरी अडचण माझी होती. समजा तेल कमी निघालं, तर ते उन्हानं गेलं की चार वर्षांत गेलं, हे कशावरून ठरवायचं? तुलनेला काहीतरी हवं. नशीब असं, की त्याच आठवड्यात मी निघायच्या आधी कपाट आवरत होते. दर वर्षी आलेल्या मालाची एक पुडी मी ठेवून देते, ती आमची पद्धत. सगळ्यांत खाली पुडी सापडली: कापूर तुळस, मार्च दोन हजार एकवीस. आजारपणाच्या आधीच्या खेपेची. माळ्यावर सावलीत वाळवलेली, आक्कानं हुंगून उतरवलेली. तेच शेत, तेच हात, तेवढीच वर्षं झालेली. फरक फक्त उन्हाचा.

दोन जोडण्या शेजारी शेजारी लावल्या. एकात पुडीतला शंभर ग्रॅम, एकात डब्यातला. डबा मी लॅबच्या मागच्या खोलीत उघडला, तिनंच तसं सांगितलं होतं. तुमच्या तोंडावरून मला काही कळायला नको, म्हणाली. मीही श्वास धरून वजन केलं, शपथेवर सांगते, हुंगलं नाही.

आणि तिथेच, त्या मागच्या खोलीत, तो मोह झाला. हातात दोन चंबू, चार वर्षांनी दोन्हींत सारखाच मळकट झालेला पाला. अदलाबदल करायची, बस. पुडीचा चंबू डाव्या हाताला ठेवायचा होता तो उजव्या हाताला ठेवायचा. आक्काला नळीत तेलाचा चांगला थर दिसला असता, ती रडली असती, घरी जाऊन झोपली असती. कोणाला कळणार होतं? एकोणतीस वर्षांत एक आकडा. मी दोन मिनिटं तशी उभी होते. मग आठवलं, ती माणसाकडे नाही, काचेकडे आलीय. मी काचेला खोटं बोलायला लावलं तर हिला जगात विचारायला जागाच उरणार नाही. चंबू ज्याचे त्या जागी ठेवले.

तीन तास उकळायला लागतात. आक्का स्टुलावर, झाकण लावून परत दिलेला डबा मांडीत. मी उभी. खालच्या बाजूला पाणी खळखळत होतं. मधे थर्ड इयरची स्नेहा दारातून डोकावली, "मॅडम, कापूर कोणी लावलाय? पार लायब्ररीपर्यंत घमघमाट सुटलाय!" माझा जीव भांड्यात पडणार तेवढ्यात आक्का शांतपणे म्हणाली, "त्या पुडीचा असंल." बरोबर होतं तिचं. मी पोरीला हाकललं.

"ताई," थोड्या वेळानं ती म्हणाली, "अजून दिवेलागणीला माझी मान पुढं जाते. भाकरी थापता थापता. आपली आपणच जाते. मंग ध्यानात येतं." मी बर्नरची ज्योत थोडी कमी केली. आमच्या घरीही एक खुर्ची आहे, तिच्यावर मी सहा वर्षांत बसलेले नाही. पण ते वेगळं.

तीन तासांनी बर्नर बंद केले. नळ्या गार होऊ दिल्या. मी तिला जवळ बोलावलं, तिचा चष्मा पुसून दिला, आणि म्हटलं, तुम्हीच मोजा. पुडीच्या नळीवर तिनं बोट ठेवलं आणि एकेक रेघ मोजली. नऊ. मग डब्याच्या नळीवर. एक, दोन, तीन, चार. पाचव्या रेघेवर बोट नेलं, तिथे काही नव्हतं. परत खालून मोजलं. चारच.

"पाच गेल्या," ती म्हणाली.

"हो. पाच गेल्या."

"उन्हानं?"

आता म्हणता आलं असतं, की आक्का, काय सांगावं, डब्याचं झाकण सैल असेल, हवा गेली असेल. जीभ तिथपर्यंत गेलीही. "उन्हानं," मी म्हटलं. "त्या पत्र्यावर गेल्या."

तिनं मान हलवली. रडली नाही. मला रडू आलं, ते मी बेसिनकडे तोंड करून नळ सोडून निस्तरलं. मागे वळले तर ती अजून त्या दुसऱ्या नळीकडेच बघत होती.

"अन् चार?"

"चार आहेत."

"ह्या चार कुणी ठिवल्या?"

असा प्रश्न मला कोणत्याच परीक्षकानं विचारला नव्हता. मी विचार केला आणि जे खरं होतं ते सांगितलं. म्हटलं, चार दिवस ती माळ्यावर होती ना, सावलीत, वीतभर जागा सोडून टांगलेली? तोवर वरवरचं पाणी बरंच गेलं होतं. ओली असती आणि सरळ त्या तापल्या पत्र्यावर टाकली असती तर एवढंही राहिलं नसतं. तुम्ही संध्याकाळपर्यंतच टाकली, आणि लगेच डब्यात बंद केली, म्हणून राहिलं. "चार दोघांनी मिळून ठेवल्या," मी म्हटलं.

आक्का डबा घेऊन परत स्टुलावर बसली. मग तिनं मांडीतला डबा टेबलावर ठेवला आणि झाकण काढलं. चार वर्षांत पहिल्यांदा स्वतःच्या हातानं. आधी स्वतः वाकून हुंगलं. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. वेडी आशा असते ना माणसाला, मलाही होती. तिनं डोळे उघडले आणि नाही म्हणून मान हलवली.

मग चिमूटभर पाला उचलला. उजव्या तळहातावर ठेवून डाव्या अंगठ्यानं चोळला, दादा चोळायचे तसा, गोल गोल. स्टुलावरून उठली. मी तिच्यापेक्षा चांगली हातभर उंच, म्हणून तिनं टाचा उचलल्या, आणि तो तळहात माझ्या नाकाशी धरला.

"माणसाला विचारायचं नव्हतं ना?" मी म्हटलं.

"तुम्ही पाच गेल्या म्हणून तोंडावर सांगितलं," ती म्हणाली. "मंग हे बी सांगा. सांगा, ताई."

मी डोळे मिटले. आधी एसटीच्या दांड्याचा लोखंडी वास आला. मग चुलीच्या धुराचा. मग काहीच नाही, आणि मी घाबरले. आणि मग खालून, बारीक, अगदी बारीक, पण स्वच्छ, तिखट, वीस वर्षांपूर्वी त्या पिशवीची गाठ सुटली तेव्हाचा.

"उतरवा, आक्का," मी म्हणाले.

तिचा हात तसाच माझ्या नाकाशी राहिला. ती खिडकीकडे बघत होती, जिथे कोणी नव्हतं.

"अहो," ती म्हणाली, "उतरवली."